शोभणारे की मानवणारे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वसईच्या गावांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी प्रवेशयादीची. रविवारची मिस्सा आटोपून माणसे चर्चच्या आवारात रेंगाळतात, तेव्हा पास झालेल्या मुलांच्या आईबापांना एकच प्रश्न विचारला जातो : "कुठे मिळाले?" मूल काय शिकणार, ते त्याला आवडते का, शिकवणारे कोण आहेत, हे सहसा कुणी विचारीत नाही. उत्तरात मुंबईच्या एखाद्या नामांकित महाविद्यालयाचे नाव आले तर विचारणाऱ्याच्या भुवया कौतुकाने उंचावतात. उत्तर "इथेच, जवळच" असे आले तर "असू दे, तेही काही वाईट नाही" अशी सांत्वनाची भाषा सुरू होते. जणू त्या घरात काही अघटित घडले आहे.

मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात शिकविले आणि त्याच आवारात उभे राहून हाच प्रश्न कित्येक पालकांना विचारला. तेव्हा या लेखात जो दोष मी समाजाच्या पदरी घालणार आहे, त्यातील मोठा वाटा माझ्या पदरी आधीच पडलेला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या भाषेत शोभणे आणि मानवणे अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. दागिना शोभतो, पाणी मानवते. दागिना शोभतो की नाही हे पाहणारा ठरवतो; पाणी मानवले की नाही हे पिणाऱ्याच्या प्रकृतीवरून कळते. मुलांसाठी महाविद्यालय निवडताना आपण शोभण्याचा विचार करतो आणि न मानवल्याचे दुखणे मात्र एकट्या मुलाला काढावे लागते. ही रीत अन्यायाची आहे. ती बदलण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ती आपल्याच घरांतून सुरू झालेली आहे आणि तिथूनच ती मोडली पाहिजे.

माझ्या घरची गोष्ट

२०१२ साली माझी धाकटी मुलगी दहावी झाली. मराठी माध्यम, गुण चांगले, वाचनाची आवड दांडगी. तिला इतिहास आणि भाषा हे विषय प्रिय होते. एवढे गुण मिळवून कला शाखेला जायचे म्हणजे गुण वाया घालवायचे, असे मी तिला समजावले. अल्पसंख्याकांसाठी राखीव असलेल्या जागांतून मुंबईतील एका नामांकित महाविद्यालयात शास्त्र शाखेला तिला प्रवेश मिळाला. मी गावात पेढे वाटले.

त्यानंतर जे झाले ते फार साधे आहे आणि म्हणूनच सांगण्यासारखे आहे. पहाटे पावणेपाचला उठायचे, रिक्षाने वसई रोड स्थानक गाठायचे, तिथून चर्चगेटची गाडी, पुढे पायी. जाताना दोन तास, येताना दोन तास. मी गणिताचा शिक्षक. पण हे गणित मी तेव्हा मांडले नाही, नंतर मांडले. दिवसाचे चार तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला चोवीस तास. वर्षाचे तीस आठवडे धरले तर सातशे वीस तास होतात. म्हणजे वर्षाकाठी एक संपूर्ण महिना, रात्री धरून, माझी सोळा वर्षांची मुलगी गाडीच्या डब्यात उभी होती.

वर्गात शंभरावर मुले. शिकवणारे वाईट नव्हते; चांगलेच होते. परंतु सारे इंग्रजीतून, वेगाने. पदार्थविज्ञान तिला कळत होते, पण ते ज्या वाक्यातून येत होते ते वाक्य कळेपर्यंत पुढचे तीन निघून गेलेले असत. हात वर करून विचारावे, तर आपला उच्चार ऐकून मुली हसतील ही भीती. दिवाळीनंतर तिचे घरात बोलणे कमी झाले. अभ्यासाचा ताण असेल, असे आम्ही समजलो. फेब्रुवारीत हजेरी कमी असल्याचे पत्र आले तेव्हा उलगडा झाला. कित्येक दिवस ती अंधेरीला उतरून फलाटावरच्या बाकावर बसून राही आणि दुपारची गाडी धरून घरी येई.

मी रागावलो नाही. रागावण्याइतकेही बळ उरले नव्हते. इतकेच विचारले की, हे आम्हांला आधी का सांगितले नाहीस? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पेढे वाटले होते. मग मी कुणाला सांगणार?"

त्या महाविद्यालयाने तिच्यावर अन्याय केला, असे मी म्हणणार नाही. तिच्याच वर्गातल्या इतर मुली तिथे शिकल्या, पुढे गेल्या. ज्या विहिरीचे पाणी दहा जणांना मानवते ते अकराव्याला बाधले, तर दोष विहिरीचा नसतो. अकराव्याची प्रकृती न पाहता जो त्याला ते पाजतो, दोष त्याचा असतो. मुलीची दोन वर्षे गेली. पुढे तिने जवळच्याच महाविद्यालयातून कला शाखेची पदवी घेतली आणि आज ती एका शाळेत शिकवते. "शेवटी सगळे चांगलेच झाले ना!" असे म्हणून परिचित मला सोडवू पाहतात. मला ती सुटका नको आहे. ती दोन वर्षे तिची होती. ती देऊन टाकण्याचा अधिकार मला कुणी दिला होता?

महाविद्यालय कुणाच्या मापाचे?

महाराष्ट्राला शिक्षणाचा जो वारसा लाभला आहे, तो याच्या अगदी उलट दिशेचा आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले तेव्हा मातृभाषेतून शिक्षण हे त्याचे मुख्य सूत्र ठेवले. त्या काळच्या मुलींना इंग्रजीच्या भिंतीवर डोके आपटायला लावण्याऐवजी त्यांनी भिंतीलाच दार पाडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. शेतकऱ्याच्या मुलाकडे पैसा नव्हता, हातांत बळ होते. म्हणून "कमवा आणि शिका" ही योजना आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तिथे वर्ग सकाळी भरविले गेले.

या तिघांनी एकच प्रश्न आधी विचारला : येणारा विद्यार्थी कोण आहे? त्याची भाषा कोणती, त्याच्या खिशात काय आहे, त्याच्याजवळ दिवसाचे किती तास आहेत? मग त्याच्या मापाने त्यांनी महाविद्यालय बेतले. आपण आज महाविद्यालयाच्या नावाचा अंगरखा आधी आणतो आणि मुलाचे हातपाय ओढून त्यात बसवतो. बसला नाही तर मुलाचीच अंगकाठी चुकीची ठरवतो.

आमच्या वसईपुरते बोलायचे तर १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि मुंबईच्या शिक्षणाचे दार आम्हांला उघडले. शेतीवाडीत राबणाऱ्या घरांतून शिक्षक, वकील, डॉक्टर, परिचारिका आणि लेखक निघाले ते या गाडीच्या आधारावर. तिचे उपकार मी विसरलो नाही. पण त्या पिढीला जवळ पर्याय नव्हता म्हणून तिने तो प्रवास सोसला. जे तिने गरजेपोटी केले, ते आज आपण मानापोटी करतो आहोत. वसई तालुक्यातच आज कला, वाणिज्य, शास्त्र आणि अभियांत्रिकी शिकवणारी महाविद्यालये आहेत. त्यांच्या आत पाऊल न टाकता त्यांना कमी लेखण्याची सवय आपल्याला लागली आहे. अशी सवय लागली की मग तिथले शिक्षकही मनातून खचतात आणि मुलेही. आणि आपणच बोललेले खरे ठरते.

सवलत आणि निवड

अल्पसंख्याक समाजाच्या महाविद्यालयांत त्या समाजाच्या मुलांसाठी निम्म्या जागांपर्यंत राखीव ठेवता येतात. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा जो हक्क दिला, त्याचे हे फळ आहे. हा हक्क मोलाचा आहे आणि तो सांभाळलाच पाहिजे. परंतु जागा मिळते म्हणून ती घेणे याला निवड म्हणत नाहीत. बाजारात एखादी वस्तू स्वस्तात मिळाली म्हणून गरज नसताना उचलावी, तशी आपण ही जागा उचलतो. ज्या मुलाला ती खरोखर मानवली असती त्याची जागा त्यामुळे जाते, आणि ज्याला ती मानवणार नाही त्याचे वर्ष जाते.

आपल्या संस्थांनाही येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. खेड्यातून, मराठी माध्यमातून आलेले मूल तुम्ही राखीव जागेवर घेतलेत, पुढे काय? पहिल्या सहामाहीत त्याच्याशी कुणी दहा मिनिटे बोलले का? त्याच्यासाठी इंग्रजीचा एखादा जादा वर्ग आहे का? ते महिनाभर गैरहजर राहिले तर फेब्रुवारीत छापील पत्र पाठवण्याआधी ऑगस्टमध्ये एक दूरध्वनी करता येणार नाही का? दार उघडून मुलाला आत घेतले आणि मग त्याच्याकडे पाठ फिरवली, तर त्या राखीव जागेने यादीतील आकडा तेवढा वाढवला.

वर्ग नसलेले महाविद्यालय

नामांकित महाविद्यालयाच्या मोहात निदान महाविद्यालय तरी असते. अलीकडे जे दुसरे प्रकरण घराघरांत शिरले आहे, त्यात तेही उरलेले नाही. त्याला "इंटिग्रेटेड" असे गोंडस नाव आहे. मूल एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते, प्रत्यक्षात ते सकाळपासून रात्रीपर्यंत खासगी शिकवणीवर्गात बसते. महाविद्यालयाचे शुल्क भरले जाते, हजेरी लागते, प्रात्यक्षिकांच्या वह्या पूर्ण होतात. मुलाने मात्र प्रयोगशाळेतील परीक्षानळी हातात धरलेली नसते. याला आळा घालण्यासाठी शासनाने २०१८ साली शास्त्र शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बोटांच्या ठशांनी हजेरी घेण्याचे फर्मान काढले. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणीवर्गांनी प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक सूचना दिली. तरीही हा व्यवहार थांबलेला नाही, कारण तो पालकांच्या संमतीने चालतो.

येथे मला अधिक कठोर बोलावेसे वाटते. "खोटी साक्ष देऊ नकोस" ही आज्ञा ज्या घरात मुलाला लहानपणी पाठ करवून घेतली, त्याच घरात सोळाव्या वर्षी खोट्या हजेरीचा व्यवहार बाप ठरवतो आणि मुलगा ऐकतो. उच्च शिक्षणाचा पहिला धडा त्याला असा मिळतो की, कागदावर एक असावे आणि प्रत्यक्षात दुसरे, आणि त्यासाठी पैसे मोजावेत. उद्या हाच मुलगा डॉक्टर किंवा अभियंता होऊन खोट्या कागदावर सही करील, तेव्हा समाज बिघडला म्हणून आपण कुणाकडे तक्रार नेणार?

त्याच्या वाट्याला जे येत नाही त्याचाही हिशेब मांडावा. महाविद्यालय म्हणजे परीक्षेची तयारी एवढेच नसते. तिथे निरनिराळ्या घरांतली, जातींची, धर्मांची मुले एका बाकावर बसतात. नाटक, वादविवाद, एन.एस.एस.चे शिबिर, ग्रंथालयात योगायोगाने हाती लागलेले पुस्तक, एखाद्या शिक्षकाने वर्गाबाहेर सांगितलेली गोष्ट, यांतून माणूस घडतो. ही दोन वर्षे काढून घेऊन आपण मुलाच्या हाती फक्त प्रश्नपत्रिका देतो. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीची जागा मिळाली तर ठीक. न मिळणाऱ्यांची संख्या मिळणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि त्यांच्या हाती त्या दोन वर्षांतले काहीच उरत नाही.

त्याच घरातली मुलगी

माझे बोलणे ऐकून "जवळचे तेच बरे" असा निष्कर्ष कुणी काढू नये. तसे केल्यास माझ्या लेखाचा दुरुपयोग होईल. आपल्या अनेक घरांत मुलाला मुंबईस पाठवतात आणि त्याच्याहून हुशार बहिणीला "इथेच कर, प्रवास नको, उद्या लग्न करून जायचेच आहे" असे सांगतात. तिला ज्या विषयाची ओढ आहे तो जवळच्या महाविद्यालयात नसला, तर तिने विषय बदलायचा. घराची काळजी म्हणून हे बोलले जाते, पण त्याखाली हिशेब असतो. तिच्यावर खर्चायचा पैसा दुसऱ्याच्या घरी जाणार हा तो हिशेब.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकण्याची, संशोधन करण्याची, नाट्यकलेची किंवा परदेशी भाषेची ज्या मुलीला तळमळ आहे, तिच्यासाठी ते दूरचे महाविद्यालय हेच मानवणारे असू शकते. मग तिच्यासाठी वसतिगृह शोधा, नातेवाइकांकडे सोय पाहा, पण तिला जाऊ द्या. न मानवणाऱ्या ठिकाणी ढकलणे आणि मानवणाऱ्या ठिकाणी जाऊ न देणे, या दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. मुलाला विचारण्याआधीच आपण निर्णय घेऊन मोकळे झालेले असतो.

आक्षेप

कुणी म्हणेल, सोळा वर्षांच्या पोराला काय कळते? सगळे कळत नाही, हे खरे; पण आपल्यालाही सगळे कुठे कळते? दहा वर्षांनी कोणत्या पदवीला मागणी असेल हे ठामपणे सांगणारा पालक मला अजून भेटलेला नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ज्याला त्याला अभियंता करण्याची लाट आली. त्या लाटेत वाहून गेलेली किती मुले पुढे यंत्राला हात न लावता भलत्याच नोकऱ्यांत स्थिरावली, हे प्रत्येकाने आपल्या आळीत मोजून पाहावे. मुलाला भविष्य कळत नसेल; पण कोणते पुस्तक आपण न सांगता उघडतो आणि कोणते उघडताच डोळे मिटू लागतात, हे त्याला निश्चित कळते. निवडीसाठी हे ज्ञान आपल्या अंदाजांपेक्षा अधिक भरवशाचे आहे.

दुसरा आक्षेप नावाचा आहे. "नामांकित महाविद्यालयाचा शिक्का जन्मभर कामी येतो." येतो, हे मी नाकारीत नाही. परंतु शिक्का बसण्यासाठी शिक्षण पुरे व्हावे लागते. श्रीनिवास रामानुजन यांना कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली होती. गणितावाचून दुसरे काही त्यांना सुचेना, इतर विषयांत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातही तेच झाले. त्यांच्या बुद्धीला मानवेल अशी जागा १९१४ साली केंब्रिजमध्ये मिळाली, तेव्हा जगाने त्यांना ओळखले. प्रत्येक नापास मूल रामानुजन नसते, हे मला ठाऊक आहे. वर्गांत तीस वर्षे काढली आहेत. पण एवढा थोर गणिती जर चुकीच्या चौकटीत नापास होऊ शकतो, तर आपली साधी मुले तिथे गुदमरली म्हणून त्यांना मठ्ठ ठरवण्याची घाई आपण का करावी?

नावाचाच नवा अवतार म्हणजे क्रमवारी आणि श्रेणी. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन करणारी "नॅक" ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून जाहीर होऊ लागली. त्यांचा उपयोग आहे. मात्र ही क्रमवारी संशोधन, पदवीधरांची संख्या, लोकमत अशा संपूर्ण संस्थेच्या मोजमापांवर बेतलेली असते. तुमच्या मुलाच्या वर्गात अर्थशास्त्र कोण शिकवतो हे ती सांगत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर नॅकच्या एका तपासणी समितीतील सदस्यांनाच लाचेच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. अक्षरावर विसंबून डोळे मिटू नयेत, एवढा बोध त्यातून घ्यावा.

तिसरा आक्षेप गरिबीचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. "निवड हे श्रीमंतांचे चोचले, आम्हांला जे परवडेल ते घ्यायचे." मला वाटते, गरिबाच्या मुलालाच चुकीची निवड सर्वांत महाग पडते. श्रीमंताचा मुलगा दोन वर्षे घालवून नवी वाट धरू शकतो. ज्याच्या शुल्कासाठी आईने पतपेढीचे कर्ज काढले आहे, त्याला दुसरी संधी मिळत नाही. यास्तव ज्याच्याजवळ पैसा कमी, त्याने चौकशी अधिक करावी. चौकशीला पैसे पडत नाहीत.

चौकशी कोणती करावी?

प्रवेशाची पद्धत आता बदलली आहे. मुंबईत २००९ पासून आणि २०२५ पासून सबंध राज्यात अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. अर्जात महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहावी लागतात आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते; नाकारल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. असे असूनही पहिला क्रमांक आपण "बघू लागते का" म्हणून एखाद्या मोठ्या नावाला देऊन टाकतो आणि सोडतीसारखी वाट पाहतो. लागलेच, तर अडकतो. पहिल्या पसंतीच्या रकान्यात तेच नाव लिहावे, जिथे मूल उद्या सकाळी आनंदाने जाईल.

ते नाव लिहिण्यापूर्वी मुलाला घेऊन एकदा तिथे जावे. तेही सुट्टीच्या दिवशी इमारत पाहायला नव्हे. ज्या गाडीने रोज जायचे त्याच गाडीने, त्याच वेळी जावे. ग्रंथालय उघडे आहे का आणि त्यात मुले बसलेली आहेत का, हे पाहावे. प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर धूळ आहे का, तेही पाहावे. आपल्या विषयाचे किती शिक्षक कायम आहेत आणि किती तासिकेवर बोलावलेले आहेत, हे कार्यालयात विचारण्यात संकोच करू नये. दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलाला गाठून "तास होतात का?" एवढे विचारावे, माहितीपुस्तिकेच्या वीस पानांत जे मिळत नाही ते या एका उत्तरात मिळते.

भाषेचा विचार लाज सोडून करावा. कला व वाणिज्य शाखांत बारावीची परीक्षा मराठीतून देता येते. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेतही अनेक विषयांची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा आहे. आपल्या मुलाने इंग्रजी शिकलेच पाहिजे, पण ते शिकत असताना त्याचा इतिहास आणि अर्थशास्त्र बुडाले पाहिजे असा नियम नाही. पदवीला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडण्याची सोय आली आहे, चौथ्या वर्षाची पदवीही आली आहे. कागदावर विषयांची यादी लांबलचक असते. त्यांपैकी कोणते विषय या महाविद्यालयात प्रत्यक्ष शिकवले जातात, हे विचारावे.

आणि सरतेशेवटी मुलाला विचारावे. काका, मामा आणि शेजारी बसलेले असताना विचारू नये, एकट्याला विचारावे. त्याने दिलेले उत्तर आपल्याला पटले नाही तर आपली कारणे सांगावीत, त्याची ऐकावीत. पण त्याने "मला तिथे भीती वाटते" असे म्हटले, तर ती भीती हसण्यावारी नेऊ नये. मी नेली होती.

आपल्या गावात काय करता येईल?

दरवर्षी आपल्या धर्मग्रामांतून विद्यार्थ्यांचे गुणगौरव समारंभ होतात. नव्वद टक्क्यांच्या वरच्यांना शाल, श्रीफळ आणि लखोटा मिळतो. बाकीची मुले मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. हे समारंभ बंद करा असे मी म्हणत नाही. माझी मागणी एवढीच आहे की, त्याच सभागृहात, अर्ज भरण्याच्या आधीच्या आठवड्यात, आणखी एक संध्याकाळ ठेवावी. आपल्याच गावातली जी मुले-मुली निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांना तिथे बसवावे. व्यासपीठ नको, हार नकोत, पाहुणे नकोत. नव्या मुलांनी त्यांना हवे ते विचारावे आणि त्यांनी आपल्या महाविद्यालयाविषयी खरे ते सांगावे : गाडीत किती वेळ जातो, तास कोण घेते, कुणाशी बोलता येते, कशाचे दुःख होते. ज्यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले त्यांनाही बोलवावे. त्यांच्याजवळ जी माहिती आहे ती कुणाहीजवळ नाही, आणि आजवर ती त्यांना कुणी विचारलेली नाही.

पालकांनी त्या संध्याकाळी मागे बसावे आणि फक्त ऐकावे. कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

राहता राहिला मिस्सेनंतरचा प्रश्न. एक लहानशी गोष्ट आपण प्रत्येक जण आजपासून करू शकतो. "कुठे मिळाले?" हे विचारणे सोडून द्यावे आणि मुलाकडेच वळून विचारावे, "काय शिकणार आहेस?" तो सांगू लागला, तर दोन मिनिटे थांबून ऐकावे. अंधेरीच्या फलाटावर बसून राहिलेल्या एका मुलीला हा प्रश्न त्या जूनमध्ये कुणी विचारला असता, तर तिने खरे उत्तर दिले असते, असे मला वाटते. तिच्या बापाने तो विचारला नाही.